घसा बसलेली देवी

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत रविवारी सकाळी नऊ वाजताच चपलांचा ढीग पडला होता. दोन्ही अंगाला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, गाळे, खटाखट खटाखट चाललेले, आणि मधल्या एका गाळ्यात नादमहाराजांचा दरबार. तिथले लूम वर्षापूर्वीच भंगारात गेलेले. दारावर फलक होता: ‘मैया बहिऱ्यांशी बोलते. शुक्रवारी मैयाचे मौन, दरबार बंद.’ आत शंभर-दीडशे माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. कानात कापूस कोंबलेली पोरं होती, कानामागं तळहात धरलेले म्हातारे होते आणि सगळ्यांत जास्त होते लूमचे कारागीर. वीस-वीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्यांना आता घरी बायकोची हाकही ऐकू येत नव्हती.

“कान काय चीज आहे रे?” महाराज ओरडून बोलत होते, कारण शेजारच्या लूमपुढं ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. “कान तो चमडी है! चमडीला काय ऐकू येणार? मैया हाडात बोलते, हाडात! जिसका हाड शुद्ध, उसको सुनाई देगा. ज्याला नाही ऐकू आलं, त्यानं घरी जाऊन आपली पापं आठवावी!”

वय पस्तिशीचं, दाढी तेल लावून चोपलेली, गळ्यात चार पदरी माळ. पुढ्यात लाल मखमलीवर ती शिळा. नारळाएवढी, काळी कुळकुळीत, कमरेला चांदीचा पट्टा. एकेक बहिरा पुढं यायचा, महाराज त्याच्या कानामागं शिळा टेकवायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि बहिऱ्याचा चेहरा एकदम बदलायचा. “भजन! हमरे गाँव का भजन!” म्हणत एक कारागीर ढसाढसा रडला. बाकीच्या गर्दीला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पण गर्दीनं जयजयकार केला.

शेलार गावच्या ठकुबाई तरे तिसऱ्या रांगेत नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोंड आंबट करून. मुलाच्या, दर्शनच्या हट्टापायी आल्या होत्या. “चल, बघून तरी ये,” तो आठ दिवस मागं लागला होता. नात पूर्वा आठ वर्षांची. दोन वर्षं झाली, दोन्ही कान वाहायचे. वर्गात पहिल्या बाकावर बसवलं तरी बाईंचं बोलणं पोचायचं नाही. घरात तिला काही सांगायचं तर खांद्याला धरून हलवावं लागायचं.

पूर्वाची पाळी आली. दाराशी टेबल टाकून बसलेल्या चेल्यानं, देवेशनं, आधीच सगळं विचारून घेतलं होतं. गाव कुठलं, समाज कुठला, कुलदेवी कोण. त्याच्या पुढ्यात वही आणि मोबाईल. महाराजांनी शिळा पोरीच्या कानामागं टेकवली.

पूर्वानं डोळे मोठे केले. मग ती हसली. दोन वर्षांत कुणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“आजी, गानं! बाय गाते!” ती किंचाळली. “आजी, मना ऐकू येतंय!”

ठकुबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या काही भोळ्याभाबड्या नव्हत्या, पण आपलं लेकरू हसतंय म्हटल्यावर कुणाचं काळीज जागेवर राहील? त्यांनी शिळेला कान लावून बघायला मान पुढं केली, तशी महाराजांनी शिळा मागं घेतली.

“माई, तुमचे कान चांगले आहेत. तुमच्यासाठी मैया नाही. ज्याचं त्यालाच ऐकू येणार.”

दर्शनचे हात जोडलेले होतेच, ते आता कपाळाला गेले. मग महाराजांनी आज्ञा सांगितल्या. एकवीस बैठका. कानात फक्त दरबारचं मंतरलेलं तेल. डॉक्टरचं औषध बंद. “आणि सुरी तर अजिबात नाही! कानाच्या हाडाला लोखंड लागलं की मैया निघून गेली. फिर मत आना रोते हुए.”

इथं वाचणाऱ्यानं जरा थांबावं. कारण पूर्वाच्या ऑपरेशनची तारीख होती येत्या बुधवारची. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात चार महिने नंबर लावून मिळालेली. कानाच्या डॉक्टर रीमा यांनी स्वच्छ सांगितलं होतं की, उजव्या कानात नुसता पू नाही, आतलं हाड कुरतडत जाणारा रोग आहे. वेळेत काढला तर पोरगी ऐकेल. नाही काढला तर तो आत शिरेल आणि आत मेंदू आहे.

बुधवारी दर्शननं दवाखान्यात फोन करून सांगितलं, “आम्ही येत नाही.”

“अरे, तुझी अक्कल काय गोदामात ठेवून आलास?” ठकुबाई कडाडल्या. दर्शन मानकोलीच्या एका गोदामात शिफ्टवर होता. डिप्लोमा झालेला पोरगा! “डाक्टरीण एवढी जीव तोडून सांगते आणि तू त्या दाढीवाल्याचं ऐकतस?”

“आई, तू डोळ्यांनी बघितलंस ना? दोन वर्षं डॉक्टरच्या औषधानं काय झालं? आणि तिथं दोन मिनिटांत ऐकू आलं! मग कवटी फोडायची कशाला?”

ठकुबाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं हे खरंच. सून विनिता ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. तिला ऑपरेशन हवं होतं, पण नवऱ्यापुढं बोलायचं धाडस नव्हतं. असे दोन आठवडे गेले. शुक्रवार सोडून रोज सकाळी बैठक, रोज कानात तेल. पूर्वाच्या उशीला आता घाण वास यायला लागला. ती भिंत धरून चालायला लागली.

“चक्कर येतेय तिला,” विनिता म्हणाली.

“मैया आत शिरतेय,” महाराजांनी खुलासा केला. डोंबलाची मैया!

आता ठकुबाई कोण, ते सांगायलाच हवं. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद वाटण्यापासून मांडवात देव बोलावण्यापर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो आणि तो धवलारणीनं गायचा असतो. चाळीस वर्षं ठकुबाईंनी शेलारपासून अंबाडीपर्यंत हळदी गायल्या. तेव्हा माईक नव्हता. एक हात कानावर ठेवून त्या सूर लावायच्या आणि अख्खी आळी गप्प बसून ऐकायची. जावई रुसलेला असो की सासू भांडलेली, कानावर सगळ्यांच्या एकच गाणं.

मग टेपरेकॉर्डर आले, कर्णे आले, डीजे आले. ते सगळं ठकुबाईंनी चालवून घेतलं, डीजेच्या भिंतीपुढंही त्या हट्टानं गायल्या. पण मोबाईल आला आणि त्यांची हळदीची बोलावणी बंदच झाली. कुणीतरी त्यांचाच धवला हळदीत फोनवर टिपून नेटवर टाकला. लाखभर लोकांनी म्हणे ऐकला! आता ज्याला हवं तो बटण दाबतो, धवला वाजतो. म्हातारीला रिक्षा पाठवायला नको, साडीचोळी करायला नको. गेल्या वर्षी गावातल्याच मितेशच्या हळदीला त्यांना नुसतं जेवायला बोलावलं. तिथं स्पीकरवर त्यांचाच आवाज वाजत होता आणि मितेशला हळद लावताना तो आवाज ‘भूपेश नवऱ्या’ला हळद लावत होता!

यात काय चुकलं ते आगरी माणसाला सांगायला नको. धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्या आईचं घ्यायचं, गावाचं घ्यायचं. प्रत्येक हळदीला धवलारीण ती नावं नव्यानं ओवते. एका नवऱ्याचा धवला दुसऱ्याला चालत नाही. ठकुबाई ताटावरून उठून ओरडल्या होत्या, “अरे, नवरा कोन आणि नाव कोनाचं घेता?” तर करवली म्हणाली, “जाऊ द्या ना काकी, कोण ऐकतंय!”

कोण ऐकतंय! ठकुबाईंना त्या शब्दांचा अजून संताप होता. घरात तरी दुसरं काय चाललं होतं? दर्शनच्या कानात दोन पांढऱ्या गोळ्या, विनिताच्या कानात वायर, राहायला आलेल्या भाच्याच्या डोक्यावर तो कान झाकणारा मोठा टोप. तीन माणसं, तीन गाणी, आणि कुणाच्या कानात काय चाललंय याचा शेजारच्याला पत्ता नाही. म्हणूनच तो नाद्या ‘ज्याचं त्यालाच ऐकू येणार’ म्हणाला, तेव्हा दीडशे माणसांत एकालाही ते विचित्र वाटलं नाही. पूर्वी असं कुणी बोलला असता तर लोकांनी त्याला आधी खुळ्यात काढला असता. आता सगळ्यांना सवय झालीय. सगळेच आपापलं एकट्यानं ऐकतात.

पंधराव्या दिवशी ठकुबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. पूर्वा शेजारी पडली होती. ताप होता. पडल्या पडल्या ती स्वतःशीच गुणगुणत होती. ठकुबाईंनी आधी लक्ष दिलं नाही. मग त्यांचा हात थांबला.

“अंबाडीच्या वाटेवं हलद सांडली गो,
भूपेश नवऱ्याच्या अंगाला लागली गो,
पुतलाबायच्या हातानं वाटली गो…”

ठकुबाईंनी तिला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, “ह्ये कुठं ऐकलंस गो?”

“देवी गाते ना दगडात. रोज ह्येच गाते. आणि मधी थांबते, बोलते, ‘चाय आन गो कोनी, घसा बसला माझा.’ मग परत गाते.” पूर्वा हसली. “आजी, देवीचा पन घसा बसतो?”

ठकुबाईंना लख्ख आठवलं. अंबाडीची हळद. पुतळाबाईच्या भूपेशची. सर्दी झालेली, घसा धरलेला, आणि कडव्याच्या मध्ये त्यांनीच चहा मागितला होता. ठकुबाईंनी! देवी कसली आणि मैया कसली? त्या दगडात त्या स्वतःच गात होत्या.

त्यांनी रागानं सुकट बाजूला ढकलली. त्या हरामखोरानं त्यांचा गळा चोरला होता आणि त्याच गळ्यानं त्यांच्या नातीला फसवत होता. चाळीस वर्षं ज्या आवाजानं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं लावली, तोच आवाज वापरून घरची पोर मारायला काढली होती.

त्याच दुपारी दर्शन ड्युटीवर गेल्यावर त्यांनी विनिताला आणि पूर्वाला रिक्षात घातलं आणि सरळ ठाणं गाठलं.

डॉक्टर रीमांनी कानात बघितलं, चक्करीचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण ठकुबाई अडून बसल्या. “बाय, आधी मना सांगा. पोरीला कानानं ऐकू येत न्हाय, मग दगडानं कसं येतंय? माझा पोरगा तिथंच अडकलाय.”

डॉक्टरांनी खणातून एक लोखंडी चिमटा काढला, दोन पात्यांचा, खाली दांडी असलेला. पाती टेबलावर आपटली तशी ती गुंऽऽ करत वाजू लागली. पूर्वाच्या कानासमोर धरली. पूर्वानं मान हलवली, काही नाही. मग पुन्हा आपटून डॉक्टरांनी दांडीचं टोक कानामागच्या हाडावर टेकवलं.

“वाजतंय!” पूर्वा म्हणाली.

“बघितलंत? माझ्याकडं ना मैया आहे ना मंत्र,” डॉक्टर म्हणाल्या. “आजी, कान म्हणजे बाहेरची वाट आणि आतली नस. हिची वाट पुवानं बंद झालीय, पडदा फाटलाय. पण नस जिवंत आहे. हाडाला थरथर दिली की ती वाट सोडून थेट नसेपर्यंत जाते. तुम्ही गाताना कानावर हात का ठेवता?”

“माझाच सूर मना आत ऐकू येतो म्हनून.”

“तेच. तो तुमच्या हाडातून येतो. आता तर बाजारात तसले हेडफोन मिळतात. सकाळी पळायला जाणारी माणसं कानाच्या पुढं हाडावर लावतात, गाणी ऐकतात, आणि कान मोकळे राहतात. त्यातलाच तुकडा त्या बाबानं दगडात बसवला असणार. गाणं बिनतारी फोनवरून येत असणार.”

“आमच्या गावचा नवशा तिथं तीनदा गेला,” विनिता हळूच म्हणाली. “लूमवर असतो. त्याला नुसतं गुरगुरल्यासारखं लागलं. महाराज बोलले, तुझं पाप मोठं आहे.”

“पाप?” आता डॉक्टरही भडकल्या. “लूमच्या आवाजानं त्याची नसच झिजलीय. नस गेली की हाडातून पाठवा नाहीतर कानातून, काय उपयोग? त्याला मशीन लागेल, बाकीच्यांना कामावर कान झाकायला लागतील. त्याचं पाप काढतोय तो!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आजी, त्या दगडातून हिला ऐकू आलं, हाच पुरावा होता की ऑपरेशननं ही बरी होईल. त्यानं तोच पुरावा दाखवून तुमचं ऑपरेशन थांबवलं. आता सूज आतल्या कानापर्यंत पोचलीय असं वाटतंय. आजच भरती करा. इथं सही करा.”

विनितानं पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. “त्यांना न विचारता? उद्या काही झालं तर मला म्हणतील, तू मारलीस.”

ठकुबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण सुनेला बोलून काय उपयोग? तिनं या घरात दहा वर्षं हेच ऐकलं होतं की नवऱ्याला विचार. ऐकवणाऱ्यांत ठकुबाईही होत्या. “बाय, उद्या दुपारपर्यंत बापालाच घेऊन येतंय,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तेवढ्यापुरतं औषध दिलं आणि म्हणाल्या, “एक दिवस. त्याच्या पुढं नाही.”

परत येताना त्या नवशाला भेटल्या. दरबाराच्या भिंतीला लागून असलेल्याच गाळ्यात तो कामाला होता. त्याच्याशी बोलायचं म्हणजे हातवारे आणि आरडाओरडा. पण ‘पाप’ हा शब्द त्याला बरोबर कळला.

“शुक्रवारी दरबार का बंद असतो रं, नवशा?” ठकुबाईंनी विचारलं.

“शुक्रवारी लूम बंद असतात,” नवशा म्हणाला आणि बोलता बोलताच त्याची ट्यूब पेटली. “आयला! म्हंजी आवाजाच्या आडोशाला बसलाय तो!”

“उद्या बरोब्बर अकराला तुमच्या गाळ्याचा मेन स्विच पाड. पाच मिनिटं. पलीकडच्यालाबी सांग.”

“शेठ बोंबलंल.”

“बोंबलू दे.”

दुसऱ्या दिवशी दरबार नेहमीसारखाच भरला. महाराजांनी पूर्वाला पुढं घेतलं. तिला आता धड बसताही येत नव्हतं, दर्शननं तिला धरून ठेवलं होतं. शिळा कानामागं टेकली. बाहेर खटाखट चालू. अकराला दोन मिनिटं कमी असताना ठकुबाई उभ्या राहिल्या.

“महाराज, माझ्या अंगात आलंय!” त्या ओरडल्या.

महाराज चपापले. दरबारात अंगात यायची मक्तेदारी त्यांची होती. पण गर्दीनं हात जोडले, त्यामुळं त्यांना काही बोलता येईना.

“पूर्वा!” ठकुबाई नातीच्या तोंडासमोर जाऊन ओरडल्या. “देवी आता काय गाते?”

“पुतलाबायच्या हातानं…”

“आता देवी थांबंल! थांबली?”

“थांबली!”

“आता ती चाय मागंल! मागितली?”

“हो! ‘चाय आन गो कोनी!’” पूर्वा एवढ्या तापातही खुदकन हसली.

गर्दीतून हसण्याची एक लाट गेली आणि दबली. महाराज उठायला लागले. “माई, ये सब मैया की लीला…” आणि तेवढ्यात खटाखट थांबली. आधी डावीकडची, मग उजवीकडची. अख्ख्या गल्लीत एकदम शांतता पसरली. भर दिवसा इतकी शांतता त्या लोकांनी शुक्रवार सोडून कधी ऐकलीच नव्हती.

आणि त्या शांततेत शिळेतून डासासारखं बारीक गाणं येत होतं. पहिल्या रांगेला ऐकू आलं, दुसरीला आलं, पाचवीपर्यंत आलं. ‘भूपेश नवऱ्याच्या अंगाला…’

महाराजांनी शिळा छातीशी आवळली. “देवेश! बंद कर!” ते खेकसले. दाराशी देवेशनं घाईघाईत मोबाईलवर बोट मारलं आणि मैया गप्प झाली.

झालं! एवढं पुरे होतं. पण दर्शन अजून पूर्वाला धरून खुळ्यासारखा बसून होता. ठकुबाईंनी महाराजांच्या हातातून शिळा हिसकावली आणि मुलाच्या कपाळावर दाबली आणि त्या देवेशवर ओरडल्या. “ए पोरा, लाव परत! लाव, न्हायतर ही शिळा तुझ्या टाळक्यात घालीन!” देवेशनं घाबरून पुन्हा लावलं. “घाल बोटं कानात, दर्शन. घाल! आता सांग, कोन गातंय?”

दर्शननं पूर्वाला मांडीवर टेकवून कानात बोटं घातली. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तो लहान असताना ज्या गळ्यानं त्याला झोपवलं होतं, तो त्यानं किती वर्षांत ऐकला नव्हता कोण जाणे. पण ओळखला.

“आई,” तो म्हणाला. “तू गातेस.”

त्यानं आईच्या हातातली शिळा घेऊन जमिनीवर आपटली. दगड कसला, प्लास्टरचा पोकळ गोळा तो! चांदीचा पट्टा बाजूला उडाला आणि आतून बॅटरी, दोन वायरी आणि रुपयाएवढी एक चकती बाहेर पडली. चकती लादीवर थरथरत होती आणि लादीच गात होती. नवशा दारात आला होता. त्यानं देवेशचा मोबाईल काढून घेतला. पडद्यावर यादी: आगरी देवी, कुणबी देवी, वारली, भोजपुरी भजन, गुजराती गरबा. ज्याची जशी जात, तशी त्याची मैया!

दोघं-तिघं महाराजांवर धावून गेले. ठकुबाई मध्ये उभ्या राहिल्या. “हात लावू नका! मार खाऊन सुटंल आनि दुसऱ्या गावात बसंल. पोलिसांत द्या. जादूटोण्याचा कायदा हाय, त्यात घाला.”

एक बाई मात्र पोराला छातीशी धरून रडवेली होऊन म्हणाली, “पण मावशी, पोरीला ऐकू तर येत होतं ना?”

ठकुबाई तिच्याकडं वळल्या. एवढा वेळ धरून ठेवलेला सगळा संताप आता त्यांच्या तोंडून बाहेर पडला. “येत व्हतं! कारन तिची नस जिवंत व्हती! जिवंत व्हती ते ह्यालाबी दिसत व्हतं आनि तरी त्यानं तेल घालून ती सडवली. आपन टाल्या वाजवत बसलो. तूबी, मीबी. बोटं कानात घाल आनि हूं कर, तुझ्याबी टाळक्यात मैया बोलंल. घरी ताट वाजव आनि हनवटीला टेकव. एवढं करून बघायचं कुनालाच सुचलं न्हाय?”

दर्शन पूर्वाला उचलून केव्हाच रिक्षाकडं पळाला होता.

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टर रीमा बाहेर आल्या तेव्हा दर्शन, विनिता आणि ठकुबाई एकाच बाकावर बसले होते. मेंदूचा धोका टळला होता. डावा कान पुढं नीट करता येणार होता.

“उजवा?” दर्शननं विचारलं.

“उजव्याची नस गेली. रोग आत शिरला होता.”

“मग… हाडातून तरी?”

“नाही. त्या कानाला आता हाडातूनही नाही.” डॉक्टरांनी डोक्यावरची हिरवी टोपी काढली. “ठरलेल्या बुधवारी तो वाचला असता.”

दर्शन दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. विनितानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ठकुबाईंनी थोडा वेळ त्याला रडू दिलं. मग त्याच्या खांद्याला धरून हलवलं.

“ऊठ. खाली नवशा आलाय. दरबारातल्या सात-आठ बाया पोरांना घेऊन त्याच्याबरोबर आल्यात. केस पेपर काढायचा की घरी जायचं, त्यांचं अजून ठरत न्हाय. त्यांतली एक बोलते, महाराज खोटा निघाला तर निघाला, वज्रेश्वरीकडं दुसरा हाय म्हनं. मी सांगितलं तर बोलतील, म्हातारी बडबडते. तू बाप हायस. जा आनि सांग.”

“काय सांगू, आई? माझं तोंड आहे का?”

“तेच तोंड दाखव.”

तो गेला. ठकुबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. तो त्या बायांसमोर जाऊन उभा राहिला. बायका पोरांना कडेवर घेऊन त्याच्याकडं बघत होत्या.

“मी दर्शन तरे,” तो म्हणाला. “डिप्लोमा झालोय. माझ्या पोरीच्या ऑपरेशनची तारीख मी फोन करून घालवली. कारण एका माणसानं मला चमत्कार दाखवला आणि मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. दगड हातात घेऊन बघू का, एवढंसुद्धा विचारलं नाही. माझ्या आईनं मान पुढं केली तर त्यानं दगड मागं घेतला, ते मी बघितलं आणि तरी हात जोडले. पोरीचा एक कान गेला. त्यानं नाही घालवला, मी घालवला.” त्यानं खिडकीकडं बोट केलं. “केस पेपर तिथं मिळतो. जा. आत्ता जा.”